परदेशी लिलावात बोली लावताय? आधी पैसे कसे भरणार ते बघा

रात्री साडेदहाला लॉट, म्हणजे लिलावात एकत्र विकायला काढलेला माल, माझ्या नावावर पडला. चांदीचे चार जुने रुपये, दोन अंकुशी, एक चांदवडी (हे मराठेशाहीतल्या नाण्यांचे प्रकार) आणि चौथा इतका झिजलेला की टांकसाळच कळेना. हातोडा पडला १८० पाउंडाला आणि मी पुण्यात घरात एकटाच टाळ्या वाजवतोय. सकाळी मेल उघडला तर बिल २७०.६४ पाउंडाचं आणि खाली दोन ओळी, युकेबाहेरची कार्डं घेत नाही, पैसे सात दिवसांत आणि बोली लावणाऱ्याच्याच नावाच्या बँक खात्यातून आले पाहिजेत. ते चार रुपये हातात यायला मग दीड महिना लागला आणि त्यातले १९ दिवस नुसते पैसे पोचवण्यात गेले. हे सगळं नियमांच्या पानावर आधीपासून लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. तेव्हा इथे बसून लंडन, जर्मनी, अमेरिकेच्या लिलावात नाणी, नकाशे, तिकिटं, चित्रं घेणाऱ्यांसाठी हे जरा पाल्हाळ लावून लिहितोय. शेवटी तिकडे राहून मुंबईच्या लिलावात बोली लावणाऱ्यांसाठीही थोडं आहे.

बोलीच्या आधी: नियमांचं पान

प्रत्येक ऑक्शन हाउसच्या साइटवर तळाला कुठेतरी टर्म्स असतात. सगळं वाचायची गरज नाही, पण चार गोष्टी शोधायच्याच. कार्ड चालतं का आणि चालत असेल तर किती रकमेपर्यंत व कुठल्या देशाचं, तिसऱ्या माणसाच्या खात्यातून पैसे चालतात का (उत्तर बहुतेक नाहीच असतं), पैसे किती दिवसांत भरायचे, आणि उशीर झाला तर व्याज किंवा ठेवण्याचं भाडं किती. पेपाल चालतं असं लिहिलेलं असलं तरी त्यालाही बऱ्याचदा छोटी मर्यादा असते. चेकचं तर नावच नको, अमेरिकेतली हाउसेस चेक घेतात तेव्हा तो डॉलरमधला आणि अमेरिकन बँकेवरचा लागतो.

हे लोक एवढे कडक का, तर आपल्यावर राग आहे म्हणून नाही. कार्डाने भरलेले पैसे गिऱ्हाईक दोन महिन्यांनी बँकेत तक्रार करून परत ओढू शकतो, तोवर वस्तू निघून गेलेली असते. दुसरं कार्डाच्या खर्चाचं. ब्रिटन आणि युरोपात १३ जानेवारी २०१८ पासून तिथल्या साध्या ग्राहकाच्या कार्डावर वेगळा सरचार्ज लावायला बंदी आहे, पण बाहेरच्या देशाच्या कार्डाला ते संरक्षण नाही आणि बाहेरची कार्डं त्यांना महागही पडतात. म्हणून काही हाउसेस आपल्या कार्डावर दोन-तीन टक्के जादा लावतात आणि काही सरळ दार बंद करतात. तिसरं म्हणजे मनी लाँडरिंगचा कायदा. ब्रिटनमध्ये १० जानेवारी २०२० पासून १०,००० युरो किंवा वरच्या कलावस्तूंच्या व्यवहारात गिऱ्हाइकाची ओळख तपासणं बंधनकारक झालंय, त्यामुळे पैसे कोणाचे आणि कुठल्या खात्यातून आले हे त्यांना दाखवावं लागतं. हे नियम मोठ्या चित्रांसाठी असले तरी एकदा ऑफिसात पद्धत पडली की १८० पाउंडाच्या माणसालाही तीच लागते. आणि २०२२ नंतर रशियावरच्या निर्बंधांनी तर सगळ्यांनीच अनोळखी देशाच्या खात्यांकडे डोळे वटारून बघायला सुरुवात केली.

नाव. हे सगळ्यात महत्त्वाचं

आपल्याकडे घोडं अडतं ते इथे. लिलावाच्या अकाउंटवर मी नाव टाकलं होतं घरात वापरतो ते छोटं नाव आणि आडनाव. पॅनवर वडिलांचं नाव मधे. बँकेच्या खात्यात बायकोचं नाव पहिलं, माझं दुसरं. तिकडच्या अकाउंट्सवाल्या बाईला ही तीन वेगवेगळी माणसं वाटली आणि त्यात तिची काहीच चूक नाही. बायकांना याचा त्रास जास्त होतो, पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, पॅनवर माहेरचं आणि खात्यावर तिसरंच कॉम्बिनेशन.

म्हणून रजिस्टर करतानाच पासपोर्टवर जसं आहे तसं पूर्ण नाव टाका, आणि ज्या खात्यातून पैसे जाणार ते खातं त्याच नावाचं, शक्यतो एकट्याचं किंवा तुमचं नाव पहिलं असलेलं ठेवा. इन्व्हॉइस निघाल्यावर नाव बदलून द्या म्हटलं तर मोठी हाउसेस ऐकतच नाहीत. पत्त्याचा पुरावा म्हणून लाइट बिल पाठवू नका, आपलं बिल मराठीत असतं, ते परत येतं. बँकेचं इंग्रजी स्टेटमेंट पाठवा, मागच्या तीन महिन्यांतलं.

रजिस्ट्रेशन लिलावाच्या आदल्या रात्री करू नका. नवीन परदेशी गिऱ्हाईक दिसलं की काही ठिकाणी डिपॉझिट मागतात, काही ठिकाणी कार्डावर रक्कम ब्लॉक करतात. ते ब्लॉक होण्यासाठी तुमच्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असायला हवेत, आपल्याकडे नवीन कार्डावर ते मुळात बंद असतात आणि बँकेच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः चालू करावे लागतात.

बोलीचा खरा आकडा

माझ्याच बिलाची चिरफाड करून दाखवतो. हातोडा १८०. बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडून हाउस घेतं ते कमिशन, २४ टक्के म्हणजे ४३.२०. प्रीमियमवर २० टक्के व्हॅट ८.६४. मी ज्या प्लॅटफॉर्मवरून, म्हणजे ऑनलाइन बोलीच्या साइटवरून, बोली लावली त्याचे ५ टक्के म्हणजे ९ पाउंड आणि त्यावर व्हॅट १.८०. पोस्टेज आणि विमा २८. बेरीज २७०.६४, म्हणजे बोलीच्या दीडपट. पाउंड १२० रुपये धरला तर साडेबत्तीस हजारांच्या आसपास, आणि हे अजून पुण्याला पोचलेलं नाही.

दोन ठिकाणी वाचवता येतं. हाउसच्या स्वतःच्या साइटवर बोली लावली तर प्लॅटफॉर्मचे टक्के बऱ्याचदा लागत नाहीत, तिथे बघा. आणि वस्तू देशाबाहेर जाणार असेल तर प्रीमियमवरचा व्हॅट परत मिळू शकतो, पण त्यासाठी एक्स्पोर्ट हाउसनेच किंवा त्यांच्या शिपरने करावं आणि कागद वेळेत जमा व्हावेत अशा अटी असतात. हे बोलीआधी मेल करून विचारा. मी नंतर विचारलं आणि उत्तर आलं, आधी सांगायला हवं होतंत.

मेव्हण्याचं कार्ड हा रस्ता बंद समजा

माझी पहिली आयडिया तीच होती. मेव्हणा लंडनजवळ राहतो, त्याचं तिथलं कार्ड, त्याने फोनवरून पैसे भरायचा प्रयत्न केला. कार्डावरचं नाव वेगळं म्हणून नाकारलं. तेव्हा चिडलो होतो, आता वाटतं बरं झालं.

कारण पुढे मी काय करणार होतो, तर त्याच्या आईच्या पुण्यातल्या खात्यात ३२-३३ हजार टाकणार होतो, म्हणजे हिशेब मिटला. घराघरात असं चालतं आणि कोणाला त्यात काही वाटत नाही. पण त्याने तिकडे पाउंड भरायचे आणि त्याच्या बदल्यात मी इकडे रुपये द्यायचे, ही फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, कलम ३ ने मनाई केलेलीच गोष्ट आहे. रक्कम छोटी असली तरी प्रकार तोच. त्याने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावावर घेऊन मला खरोखर भेट दिली तर गोष्ट वेगळी, पण मग इकडे काही परत द्यायचं नाही, आणि आमचा मेव्हणा तेवढा दिलदार नाही.

ज्यांना नावाची अडचण खरंच आहे त्यांच्यासाठी सरळ रस्ता म्हणजे एजंट. लिलावात तिथला डीलर स्वतःच्या नावाने रजिस्टर होतो, स्वतः बोली लावतो, पैसे भरतो, इन्व्हॉइस त्याच्या नावाने निघतं आणि मग तो तुम्हाला आपलं कमिशन लावून बिल देतो. तुम्ही बँकेतून पैसे त्या बिलावर पाठवता. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार आठवा. २९ एप्रिल २०२५ ला लंडनला सोदबीज या ऑक्शन हाउसमध्ये लिलाव होता, राज्य सरकारला थेट बोली लावण्यात तांत्रिक अडचण, म्हणून मध्यस्थामार्फत घेतली, हाताळणी, वाहतूक आणि विम्यासकट ४७.१५ लाख. ऑगस्टच्या ११ तारखेला लंडनमध्ये ताबा आणि १८ ला तलवार मुंबईत. म्हणजे सरकार असूनसुद्धा लिलावापासून मुंबईपर्यंत साडेतीन महिने गेले, तेव्हा आपण दीड महिन्यावर कुरकुरायला नको.

बँकेत: दीड दिवस काढून जा

आता मूळ काम. वायर ट्रान्सफर, म्हणजे स्विफ्टने (बँकांच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून) पैसे. आमच्या कोपऱ्यावरच्या शाखेत फॉरेक्स होत नाही, कॅम्पातल्या मोठ्या शाखेत जा म्हणाले. काही बँकांमध्ये नेटबँकिंगवरून जमतं पण तिथे वस्तूच्या खरेदीचा पर्याय नेमका सापडत नाही. बरोबर न्यायचं ते: इन्व्हॉइसची प्रिंट, पॅन, लिलावाच्या लॉटचं वर्णन असलेलं पान, आणि हाउसचे बँक डिटेल्स, म्हणजे खात्याचं नाव, स्विफ्ट कोड, आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक), बँकेचा पत्ता. ब्रिटनचा आयबॅन २२ अक्षरांचा असतो, मोजून बघा.

पहिला वाद होणार तो हे पैसे कशात टाकायचे यावर. एक रस्ता एलआरएस, म्हणजे रहिवासी भारतीयाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवायची सोय. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसच्या प्रश्नोत्तरांत कलावस्तू घ्यायला हे पैसे वापरता येतात असं म्हटलंय, परकीय व्यापार धोरण आणि बाकीचे कायदे पाळून. दुसरा रस्ता इम्पोर्टचं पेमेंट, तिथे आगाऊ पैशांसाठी पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी जातायत ते सांगणारा कोड, एस०१०१. यात नंतर वस्तू खरंच आली याचा कस्टम्सचा कागद बँकेला आणून द्यावा लागतो, कुरिअरचं बिल ऑफ एंट्री किंवा पोस्टाने आलं तर पोस्टाचा असेसमेंटचा कागद. काउंटरवरचा माणूस आयईसी, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्यांना मिळणारा नंबर, मागेल, तेव्हा शांतपणे सांगा की वैयक्तिक वापरासाठी, धंद्यासाठी नाही अशा आयातीला आयईसी लागत नाही. मला ते तीनदा सांगावं लागलं, तिसऱ्यांदा मॅनेजर आले आणि मान्य झाले. कुठला रस्ता घ्यायचा ते शेवटी बँक ठरवते, आपण फक्त खरं काय ते सांगायचं.

छोट्या रकमेला फरक पडत नाही, मोठ्याला पडतो, टीसीएसमुळे, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आधी घेते त्या करामुळे. एलआरएसमध्ये १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस नाही, त्यावरच्या रकमेवर अशा खरेदीसाठी २० टक्के. म्हणजे १४ लाखांचं चित्र घेतलं तर वरच्या ४ लाखांवर ८० हजार बँक जागेवर कापून घेणार. ते बुडत नाहीत, रिटर्न भरताना वळते होतात, नोकरी असेल तर ऑफिसला कळवून पगाराच्या टीडीएसमध्येही धरून घेता येतात, पण तोवर तुमचे ८० हजार अडकले. आणि ही १० लाखांची मर्यादा एका बँकेची नाही, पॅनवरची आहे. मुलीची परदेशातली फी त्याच वर्षी पाठवली असेल तर ती पण त्याच खोक्यात मोजली जाते. खर्चाचा अंदाज बांधताना हेच विसरायला होतं.

पंधरा पाउंडाची गोष्ट

फॉर्मवर एक बारीक रकाना असतो, चार्जेस कोणाकडे. पर्याय तीन, ओयुआर (सगळे पाठवणाऱ्याकडे), एसएचए (दोघांत वाटून) आणि बीईएन (सगळे घेणाऱ्याकडे). मी काही न बघता सही केली, बँकेने एसएचए टाकलं. झालं काय की मधल्या बँकेने वाटेत १५ पाउंड कापले आणि हाउसला पोचले २५५.६४. अकाउंट्समधून मेल आला, १५ पाउंड बाकी आहेत, पूर्ण रक्कम आल्याशिवाय लॉट सोडता येत नाही. कार्ड घेत नाहीत, मेव्हण्याचं चालत नाही, म्हणून मी परत कॅम्पात जाऊन १५ पाउंड पाठवायला नवीन वायर केली. पाठवले अठराशे रुपये आणि त्याचा बँकेचा चार्ज हजार अधिक जीएसटी, ११८०. काउंटरवरची मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, काका, एवढेच?

तर ओयुआर टाका, म्हणजे मधले सगळे चार्जेस तुमच्याकडून आधीच घेतात आणि पलीकडे पूर्ण रक्कम पोचते. पाचशे-हजार जादा जातात ते जाऊ देत. रुपयाचे पाउंड करण्यावर वेगळा जीएसटी असतो, माझ्या रकमेला ५८-५९ रुपये झाला, तो किरकोळ. भाव मात्र विचारून घ्या, बँकेचा कार्ड रेट (त्या दिवशीचा छापील भाव, आपल्या कार्डाशी संबंध नाही) आणि गुगलवरचा रेट यात मोठी तफावत असते आणि मोठ्या रकमेला दहा-वीस पैसे कमी करून द्या म्हटलं तर देतातही. रेफरन्सच्या रकान्यात इन्व्हॉइस नंबर लिहायचा, नाहीतर पैसे पोचूनही कोणाचे ते त्यांना कळत नाही. स्विफ्टची कॉपी मागून घ्या आणि त्याच दिवशी हाउसला मेल करा.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी आपली बँक बंद, तिकडे ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी सुट्टी, मधे गणपती. सात दिवसांतले कामाचे तीनच उरतात. म्हणून लॉट जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी हाउसला लिहा की मी भारतातून पैसे पाठवतोय, आठ-दहा दिवस लागतील. आधी सांगितलं की बहुतेक जण मुदत देतात, नंतर सांगितलं की व्याज लावतात.

आणि एक, बँक डिटेल्स बदललेत असा मेल कधी आला तर त्या मेलला उत्तर देऊ नका. साइटवरचा फोन नंबर बघून फोन करा. इन्व्हॉइसच्या मेलमध्ये घुसून खातं बदलणारे चोर असतात आणि स्विफ्टने गेलेले पैसे परत येणं महाकठीण.

वस्तू निघाली की कस्टम्स

हाउसला पार्सलवर काय लिहायचं ते तुम्हीच सांगा. नाण्यांचा संग्रह असेल तर कस्टम्सच्या यादीतलं हेडिंग ९७०५, तिकिटं ९७०४, चित्रं ९७०१, शंभर वर्षांवरच्या पुराणवस्तू ९७०६. नुसतं कॉइन्स लिहिलं की पार्सल चलन किंवा चांदी समजून बाजूला पडतं. इन्व्हॉइस आत एक, बाहेर एक. किंमत कमी दाखवा असं सुचवू नका, चांगलं हाउस ऐकणार नाही, आणि बँकेतून गेलेला आकडा वेगळा दिसला की तुमचीच चौकशी. ड्युटी काढताना पोस्टेज आणि विमाही किमतीत धरतात. सोन्याच्या नाण्यांचं प्रकरण फारच वेगळं आहे, सोन्याच्या आयातीवर बंधनं आहेत, कस्टम एजंटशी बोलल्याशिवाय सोन्याच्या लॉटवर बोलीच लावू नका.

कुरिअरने आलं तर केवायसीची लिंक येते, पॅन किंवा आधार अपलोड करायचं, ते दोन दिवसांत केलं नाही तर पार्सल गोडाऊनमध्ये आणि भाडं चालू. पोस्टाने मुंबईत आलं तर बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्ट ऑफिसची चक्कर होऊ शकते. इन्व्हॉइस, स्विफ्टची कॉपी आणि लॉटचं छापील वर्णन घेऊन जा. माझ्या वेळी तिथल्या साहेबांनी भिंगातून चांदवडी रुपया दोन मिनिटं बघितला आणि विचारलं, हा चालतो का अजून?

तिकडून इकडे: न्यू जर्सी, दुबईवाल्यांसाठी

उलट्या दिशेला पैसे सोपे, वस्तू अवघड. मुंबई, बंगळुरूच्या लिलावात अनिवासी भारतीय माणूस एनआरई किंवा एनआरओ (अनिवासींसाठीच्या) खात्यातून रुपयांत पैसे भरू शकतो, चित्रांची काही हाउसेस डॉलरमध्येही किंमत लावतात. आईबाबा रोख भरतील असं मात्र ठरवू नका. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घ्यायला कायद्याने मनाई आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड, त्यामुळे कुठलंही शहाणं हाउस रोख घेत नाही. २ लाखांवरच्या खरेदीला पॅनही लागतो, तो आधी काढून ठेवा.

पण घेतलेली वस्तू शंभर वर्षं जुनी असेल तर ती भारताबाहेर नेता येत नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा, हस्तलिखितांना तर ७५ वर्षंच पुरतात. रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय यांच्यासारख्या काही चित्रकारांची चित्रं राष्ट्रीय कलानिधी आहेत, त्यांना वयाची अट नसली तरी बाहेर जाता येत नाही. म्हणजे न्यू जर्सीतल्या माणसाने मुंबईत शिवराई (शिवकाळापासूनचं तांब्याचं नाणं) घेतली तर ती पुण्यात काकाच्या कपाटातच राहणार. म्हणून तुमच्यासाठी लंडन-न्यूयॉर्कचेच लिलाव बरे, तिथे घ्या, तिथेच ठेवा.

आणि कायमचे परत यायचा विचार असेल तर संग्रह सामानात घालायच्या आधी नीट ठरवा, कारण लंडनला घेतलेली जुनी वस्तूसुद्धा एकदा भारतात आली की परत बाहेर काढणं जवळजवळ अशक्य. इन्व्हॉइस, पैसे भरल्याचा पुरावा आणि कस्टम्सची पावती एका फाइलमध्ये लावून ठेवा. माझ्या फाइलमध्ये २५५.६४ ची एक स्विफ्ट कॉपी आहे आणि तिच्या मागे टाचणीने लावलेली १५ ची.